जेवणाची सुट्टी वाचवा

जून उजाडला की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडून पोरं-पोरी गाद्या, बादल्या आणि पुस्तकांची पोती घेऊन नागपुरात उतरतात. जिथे क्लास तिथे होस्टेल आणि जिथे होस्टेल तिथे मेस, असं नंदनवनपासून त्रिमूर्तीनगरापर्यंत सगळीकडे दिसतं. दोन वर्षं रगडून अभ्यास करायचा, मग नीट किंवा जेईई. सोबत आलेले आईवडील फी विचारतात, मागच्या वर्षीचा निकाल विचारतात, मुलींच्या होस्टेलला वॉर्डन रात्री राहते का तेही विचारतात. हे लेकरू दुपारी जेवणार किती वाजता, हे मात्र कोणी विचारत नाही.

तेच विचारा, एवढं सांगायला हा लेख लिहिते आहे. दुपारच्या जेवणाचा अर्धा तास आपल्या मुलांच्या दिवसातून कोणाच्या लक्षातही न येता निघून गेला आहे. त्या रिकाम्या जागेत काय शिरतं ते होस्टेलच्या खोल्यांना माहीत आहे, मेसवाल्या ताईंना माहीत आहे, आणि मुलाला डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर ते सगळ्यात शेवटी घरच्यांना कळतं.

अकरावीतल्या कोणत्याही मुलीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी साडेसहाला चहा आणि दोन बिस्किटं, सातला क्लास. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी असते, ती पाणी भरण्यात आणि बाथरूमच्या रांगेत जाते. एकला सुटायचं असतं, पण धडा संपलेला नसतो, मग पावणेदोन होतात. लगेच शंकांचा तास. होस्टेलवर पोचेपर्यंत साडेतीन वाजून गेलेले असतात आणि मेसचा डबा बारापासून दारात ठेवलेला असतो. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. वरच्या कप्प्यातल्या चार पोळ्या भरताना गरम होत्या, त्या स्वतःच्याच वाफेनं ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या. मधल्या कप्प्यात आलूची भाजी. खालचं वरण एप्रिल-मेच्या दिवसांत तोवर आंबूस वास मारायला लागलेलं असतं. ती दोन घास खाते आणि झाकण लावते. पाचला पुन्हा क्लास. संध्याकाळी फोन येतो.

"जेवली का गं?"

"हो आई, जेवली."

मग रात्री साडेअकराला फरसाणचा पुडा उघडतो. तो संपला की बिस्किटं, बिस्किटांनंतर ब्रेड, मग घरून आलेला चिवडा, आणि शेवटी मैत्रिणीच्या डब्यातले लाडू, न विचारता. अर्ध्या तासात हे सगळं पोटात जातं. चव कळत नाही. थांबायचं असतं, पण हात थांबत नाही. पोट दुखायला लागल्यावरच ते थांबतं. मग रिकामे पुडे वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात ठेवायचे आणि सकाळी लांबच्या कचराकुंडीत टाकायचे, कारण खोलीतल्या टोपलीत कोणी पाहिलं तर! झोपताना मनाशी ठरवायचं की उद्या दिवसभर काहीच खायचं नाही. आणि तो "उद्या"च परवाच्या रात्रीची तयारी करून ठेवतो.

ही मुलगी मी तुमच्यासाठी उभी केली आहे, पण तिच्यातलं काहीच बनावट नाही. आणि ती मुलगीच असेल असंही नाही. असं ताबा सुटून खाणं, म्हणजे बिंज इटिंग, मुलग्यांमध्येही भरपूर आढळतं, फक्त मुलांच्या बाबतीत घरचे "वाढत्या अंगाचा आहे, भूक लागते" म्हणून सोडून देतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपण नागपूरकर खाण्यावर मनापासून प्रेम करणारी माणसं आहोत. सावजीकडे बसून घाम पुसत दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, लग्नाच्या पंगतीत आग्रहाला बळी पडलो, सकाळच्या तर्री पोह्यांची दुसरी प्लेट मागवली, तर तो आजार नव्हे. त्यात मजा असते, सोबत असते, आणि हात आपला आपण थांबवू शकतो. बिंज इटिंग डिसऑर्डर वेगळा. थोड्या वेळात नेहमीपेक्षा खूपच जास्त खाणं आणि त्या वेळी आपला आपल्यावर ताबा नाही अशी जाणीव, या दोन गोष्टी त्यात एकत्र असतात. घाईघाईनं खाणं, भूक नसताना खाणं, पोट फुटेस्तोवर खाणं, लाज वाटते म्हणून एकट्यानं खाणं, आणि नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी वाटणं, यांतली निदान तीन लक्षणं सोबत असतात. असं आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने होत असेल आणि त्या व्यक्तीला त्याचा खूप त्रास होत असेल, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. खाऊन झाल्यावर उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं असं नेहमी होत असेल तर तो बुलिमिया, त्याचाही उपचार असतो आणि तो आणखी तातडीनं घ्यावा लागतो.

वैद्यकानं याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली ती २०१३ साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या ग्रंथात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीतही तो आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. संघटनेच्या १४ देशांतल्या सर्वेक्षणात आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्यांचं प्रमाण १.९ टक्के निघालं, म्हणजे बुलिमियाच्या जवळजवळ दुप्पट. तरीही आपल्याकडे त्याला नाव आहे ते हावरटपणा. माणूस आजारी आहे असं न म्हणता आपण त्याच्या स्वभावावर ठपका ठेवतो. "तोंडावर ताबा ठेव" हा सल्ला या माणसाला देणं म्हणजे मधुमेहाच्या माणसाला "साखर तेवढी ताब्यात ठेव" असं बजावून घरी पाठवणं.

आता कारणं. एकट्या भुकेनं हा आजार होतो असं मी म्हणत नाही. घराण्यात असणं, नैराश्य, चिंता, लहानपणापासून "मोटी, मोटा" म्हणून झालेली चेष्टा, परीक्षेचं दडपण, एकटेपणा, सगळ्याचा त्यात वाटा असतो. पण उपाशी राहणं आणि खाण्यावर कडक बंधनं घालणं यांचा यातला हात फार जुना आणि फार स्पष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धानं उपाशी ठेवलेल्या युरोपला पुन्हा खायला कसं घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. तरुण स्वेच्छेनं आले होते. २४ आठवडे त्यांना रोजच्या गरजेच्या साधारण निम्मं अन्न मिळालं. हसती-खेळती पोरं दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, स्वयंपाकाची पुस्तकं जमवू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. आणि पोटभर अन्न पुन्हा मिळू लागलं तेव्हा त्यांतल्या काहींना थांबताच येईना. ताट रिकामं झालं, पोट टम्म झालं, तरी भूक आहेच असं ते सांगत. एरवी त्यांच्यात काही खोट नव्हती. उपासमारीनं शरीर असं वागायला लागतं.

आपल्या मुलांची उपासमार कोणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच ती दिसत नाही. तिच्यावर आणखी भर पडते ती मोबाइलवरच्या व्हिडिओंची. सोळा-सोळा तास उपाशी राहा, पोळी सोडा, भात सोडा, महिन्यात दहा किलो उतरवा. कोणा मोठ्या माणसाला त्याच्या डॉक्टरांनी नेमून दिलेला आहार त्याच्यापुरता ठीक असेल. पण ज्याला रात्री खाण्याचा झटका येतो त्याच्या हातात हे सल्ले घातकच आहेत, कारण उपाशी राहण्याला ते यशाचं नाव देतात. सोमवार, चतुर्थी, नवरात्राचे उपास श्रद्धेनं करणाऱ्यांविषयी माझं काही म्हणणं नाही. मात्र एखादं मूल अचानक आठवड्यात तीन उपास धरू लागलं तर कौतुक करायच्या आधी त्याच्याजवळ बसून बोला.

आणि ज्या गोष्टीचा आपण बळी देतो आहोत, ती या आजाराच्या उपचाराची पहिली पायरी आहे. बिंज इटिंगवर सगळ्यात जास्त तपासलेला उपाय म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारी मानसोपचार पद्धत, सीबीटी. तिच्यात तज्ज्ञ पहिल्या आठवड्यापासून काय सांगतात? वजन विसरा. दिवसातून तीन वेळा जेवा, मध्ये दोन-तीनदा थोडं खा, तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवू नका. कोणताही पदार्थ वर्ज्य करू नका. काय खाल्लं, कधी, कुठे, तेव्हा मनात काय होतं, ते लिहून ठेवा. म्हणजे आजार झाल्यावर डॉक्टर जे औषध म्हणून देतात, वेळेवर बसून जेवणं, ते आपण निरोगी मुलांकडून काढून घेतलं आहे.

हा अर्धा तास आपल्याला फुकट मिळालेला नाही, हे महाराष्ट्रानं तरी विसरू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव रविवारच्या सुट्टीसाठी घेतलं जातं, आणि ते रास्तच आहे. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. पण १८८४ मध्ये त्यांनी हजारो कामगारांच्या सभेपुढे ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आणखी एक होती: दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला बसून भाकरी खाता यावी, एवढीच मागणी. तीही मागावी लागली. आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. तिच्या भोंग्यावर या शहराच्या कित्येक पिढ्या जेवल्या आणि झोपल्या. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यानं तर लिहूनच ठेवलं: सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. गिरणीतल्या धडधाकट माणसाला जे कायद्यानं दिलं, ते सोळा वर्षांच्या वाढत्या पोराला आपण फी भरूनही मिळवून देत नाही. मला हे सहन होत नाही.

शाळांचीही गंमत बघा. सरकारी आणि अनुदानित शाळांतून आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं, मुलं ओळीनं बसून खिचडी खातात. नववीला ते ताट उचललं जातं. अकरावीला तर कॉलेज नावापुरतं उरतं आणि कॉलेजसोबत मधली सुट्टीही जाते. शरीराची भूक सर्वांत मोठी असते त्याच वयात.

क्लासवाल्यांवर राग काढून भागणार नाही, आणि सगळे क्लास सारखे नसतात. वेळेवर सुट्टी देणारे, मुलांना सोबत बसून डबा खायला लावणारे शिक्षक या शहरात आहेत. त्यांनी पुढे यावं आणि इतरांना सांगावं की त्यांचे निकाल त्यामुळे खाली आलेले नाहीत. बाकीच्यांना आठवण करून द्यायला सरकारी कागद हाताशी आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नको, आठवड्याला एक दिवस सुट्टी हवी, पहाटे फार लवकर किंवा रात्री फार उशिरा वर्ग नकोत, आणि मुलांच्या मनाच्या आरोग्याची काळजी घ्या, असं आहे. पुढे जुलै २०२५ मध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत, कोचिंग केंद्रांसह, निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असायला हवा. तुमच्या मुलाच्या क्लासमध्ये तो कोण आहे? त्याचं नाव आणि बसायची जागा विचारा.

मेसवाल्या तायांनाही माझी विनवणी आहे. तुमच्याकडे परत येणारे डबे तुम्हीच धुता. कोणाचा डबा रोज भरलेला परत येतो हे तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. ते होस्टेलच्या वॉर्डनला सांगा, मुलाला एकट्यानं विचारा, सगळ्यांसमोर नको. आणि जमेल तिथे डबा पोचवण्यापेक्षा पान वाढा. हे शहर वाढण्यात मागे कधी नव्हतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे लाखो माणसं येतात आणि रस्त्यांच्या दुतर्फा अनोळखी लोक त्यांना बोलावून जेवू घालतात. ताजबागेतही लंगर चालतो. इतक्यांना ताट देणाऱ्या गावात आपल्याच मुलांनी दाराआड पुडे फोडून खावं, हे बरं नाही.

घरी काय करायचं? ताटावर बसलेल्या मुलाच्या वजनाबद्दल बोलू नका. मामा-मावशीलाही बोलू देऊ नका. "किती खातोस" आणि "काहीच खात नाहीस", दोन्ही बंद. रिकामे पुडे सापडले तर उलटतपासणी नको. "रात्री तुला त्रास होतो का? मी ऐकते, रागावणार नाही," एवढं म्हणा आणि खरंच रागावू नका. घरातला फराळ कुलपात ठेवून हा आजार जात नाही, चोरून खाणं तेवढं वाढतं.

आणि डॉक्टरकडे कधी जायचं? तीन महिने मोजत बसू नका, ते मोजमाप निदानासाठी आहे. ताबा सुटल्यासारखं खाणं पुन्हा पुन्हा होत असेल, खाणं लपवलं जात असेल, मूल मित्रांसोबत जेवायचं टाळत असेल, दिवसभर उपाशी राहून रात्री खात असेल, अभ्यास आणि झोप बिघडली असेल, तर या आठवड्यात जा. उलट्या काढणं, जुलाबाच्या गोळ्या, चक्कर, छातीत धडधड असेल, किंवा मधुमेह असलेलं मूल इन्सुलिन चुकवत असेल, तर त्याच दिवशी जा. आणि "जगून काय करू" असं काही तोंडून निघालं, तर त्याला एकटं सोडू नका, सरळ इस्पितळ गाठा. शरीरयष्टी बघून अंदाज बांधू नका. हा आजार बारीक दिसणाऱ्यांनाही असतो, आणि प्रत्येक जाड माणसाला तो नसतो.

कुठे जायचं, यासाठी नागपूरकरांना मुंबई-पुण्याची वाट धरायची गरज नाही. मेडिकलमध्ये आणि मेयोत मानसोपचार विभाग आहेत, मिहानच्या एम्समध्ये आहे. १८६४ पासून चालत आलेलं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या जवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात आणि त्या नावाला घाबरून कितीतरी माणसं तिकडे फिरकत नाहीत. त्याच्या बाह्यरुग्ण विभागात झोप न येणारे, धास्ती वाटणारे, उदास असणारे तुमच्या-आमच्यासारखेच लोक रांगेत असतात. तेही अवघड वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारनं तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. होस्टेलच्या गच्चीवरून रात्री दोनलाही लागतो.

डॉक्टरकडे गेल्यावर काय होईल याची मुलांना फार धास्ती असते, म्हणून सांगते. आधी ते ऐकून घेतील. वजन, रक्तदाब, रक्तातली साखर, थायरॉइड पाहतील. नैराश्य किंवा चिंता सोबत आहे का ते विचारतील. मग समुपदेशनाची सत्रं ठरतील. सीबीटीची पूर्ण फेरी साधारण सोळा ते वीस सत्रांची असते, आणि सौम्य आजारात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली एखाद्या मार्गदर्शक पुस्तिकेवर काम करूनही चांगला गुण येतो. गरज पडली तर गोळ्याही देतात. भरती करायची वेळ फार थोड्यांवर येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार मिळण्याचा आणि माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. अठराच्या आतल्या मुलासोबत पालक लागतील. तेव्हा सोबत जा, आणि डॉक्टर म्हणाले की मी मुलाशी एकट्याशी बोलतो, तर निमूट बाहेर बसा. जाताना एका कागदावर आठवड्याभराचं खाणं वेळेसकट लिहून न्या. त्या कागदावर दुपारचा रकाना रिकामा दिसेल, आणि डॉक्टर बहुधा तिथूनच सुरुवात करतील.

नवं सत्र तोंडावर आहे. लोखंडे यांचा १० जून हाच मुहूर्त धरू या. त्या दिवशी नागपुरातल्या प्रत्येक क्लासच्या दारावर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागलेलं असावं आणि त्यात दुपारी एक ते दीड, मोठ्या अक्षरांत, "जेवण" लिहिलेलं असावं. त्या अर्ध्या तासात शंका नाहीत, चाचणी नाही, उरलेला धडा नाही. जुन्या वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळांनी हा नियम आधी आपल्याकडे लावावा, त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. होस्टेलवाल्यांनी १४४१६ हा आकडा प्रत्येक मजल्यावर पाण्याच्या कूलरशेजारी चिकटवावा. आणि पालकांनो, प्रवेशाच्या वेळी पाच-सहा जण मिळून जा. वेळापत्रक मागून घ्या. जेवणाची वेळ त्यात नसेल तर ती पेनानं लिहून, खाली संचालकांची सही घेऊन, मगच फीचा पहिला हप्ता भरा.